यंत्रातली अशक्त पिल्ले : आधी ऊब, मग पाणी, शेवटी खाद्य

उसाचे पीक बारा ते अठरा महिन्यांचे. मधल्या काळात मीठ-मिरचीला दोन पैसे हाताशी असावेत म्हणून आपल्या बऱ्याच सभासदांच्या दारात दहा-वीस कोंबड्या असतातच, आणि त्यांचा हिशेब बहुधा घरातल्या बाईमाणसाकडे असतो. पूर्वी खुडूक कोंबडीखाली अंडी बसवली की काम झाले. आता थर्माकोलच्या पेटीचे नाहीतर विजेवरचे लहान उबवणी यंत्र अनेक घरांत आले आहे. यंत्र अंडी उबवते, पण पिल्लू बाहेर आल्यावर कोंबडी जे करते ते यंत्र करीत नाही. ते आपल्यालाच करावे लागते.

आमच्या पहिल्या खेपेची गोष्ट सांगतो. ३० अंडी बसवली होती. विसाव्या दिवशी रात्री कवचांना टोचा पडू लागल्या. मग काय, आम्ही घडीघडी झाकण उघडून बघत होतो, पोरांना दाखवत होतो. अडकलेली दोन पिल्ले मदत म्हणून कवच सोलून बाहेर काढली. बाकीची ओलीच उचलून टोपलीत ठेवली आणि लगेच पुढे खाद्य टाकले. एकूण १९ पिल्ले निघाली. आठवडाभरात त्यांतली ८ गेली. सोललेली दोन्ही त्याच रात्री गेली. दोष यंत्राचा नव्हता, आमच्या उतावळेपणाचा होता. पुढच्या खेपांत जे शिकलो ते इथे मांडत आहोत.

झाकण उघडू नका

कोंबडीचे अंडे २१ दिवसांत उबते. अठराव्या दिवसानंतर अंडी फिरवणे बंद करावे आणि यंत्रातील दमटपणा वाढवावा. तो ६५ ते ७० टक्के असावा. झाकण वारंवार उघडले की ही वाफ निघून जाते, कवचाच्या आतला पातळ पडदा सुकतो आणि पिल्लाला आवळून धरतो. पहिली टोच पडल्यापासून पिल्लू बाहेर यायला १२ ते २४ तास सहज लागतात. या वेळात ते स्वस्थ पडलेले दिसते, पण पडद्यातील रक्त आणि पिवळा बलक ते आत ओढून घेत असते. तेव्हा कवच सोलले तर रक्तस्राव होतो. २४ तास उलटूनही हालचाल अडली असेल तरच टोचेभोवतीचे कवच थोडेसे काढावे, पडदा कोमट पाण्याने ओलावावा, आणि लाल शिर दिसताच थांबावे.

आधी ऊब

पिल्लू सुकून पिसे फुलेपर्यंत यंत्रातच राहू द्यावे. भुकेने मरेल ही भीती नको. पोटातल्या बलकावर निरोगी पिल्लू दोन दिवस निभावते. गारठलेले पिल्लू मात्र काही तासांत जाते.

बाहेर काढल्यावर पहिला आठवडा पिल्लांच्या अंगाशी सुमारे ३५ अंश ऊब हवी, पुढे दर आठवड्याला तीन अंशांनी कमी करावी. थर्मामीटर नसला तरी पिल्लेच सांगतात. एकमेकांवर चढून चिवचिवाट करू लागली तर थंडी आहे. दिव्यापासून लांब पळून धापा टाकू लागली तर उष्णता जास्त झाली. एक लक्षात ठेवा, एलईडी दिवा उजेड देतो, ऊब देत नाही. जुना तारेचा पिवळा बल्ब नाहीतर हीटरचा दिवाच लावावा. रात्री वीज गेलीच तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पिल्लांच्या मध्ये ठेवावी आणि पेटीवर पोते टाकावे. हवेला फट मात्र सोडावी.

मग पाणी

मलूल पिल्लू अंगाने गरम झाल्याशिवाय त्याला काही पाजू नये. ऊब आली की उकळून कोमट केलेल्या लिटरभर पाण्यात दोन-तीन चमचे गूळ विरघळवून द्यावा. चोचीचे टोक पाण्यात बुडवले की पिल्लू स्वतः पिते. अगदीच अशक्त असेल तर चोचीच्या कडेला एकेक थेंब लावावा. घशात ओतू नये, पाणी श्वासनलिकेत जाऊन पिल्लू हातातच मरते. गुळाचे पाणी पहिले काही तासच द्यावे, नंतर साधे स्वच्छ पाणी. पाण्याची थाळी उथळ घ्यावी आणि तीत खडे टाकावेत, म्हणजे पिल्लू बुडणार नाही.

शेवटी खाद्य

पिल्लू पाणी पिऊ लागले की मक्याचा बारीक भरडा, आणि दुसऱ्या दिवसापासून लहान पिल्लांचे तयार खाद्य. कागदावर पसरून बोटाने टकटक केले की पिल्ले टिपायला शिकतात; कोंबडीही चोचीने तेच करते. अशक्त पिल्ले वेगळी ठेवावीत, नाहीतर दांडगी पिल्ले त्यांना तुडवतात.

नेहमीच्या तक्रारी

पाय फाकणे : गुळगुळीत वर्तमानपत्रावर पिल्ले ठेवली की हे होते. खाली तूस किंवा खरबरीत फडके घालावे. दोन्ही पाय इंचभर अंतर ठेवून मऊ पट्टीने सैल बांधावेत. लवकर बांधले तर दोन-चार दिवसांत पिल्लू उभे राहते. तुसाऐवजी उसाचे चिपाड वापरणार असाल तर ते खडखडीत वाळलेले हवे. बुरशी आलेल्या चिपाडाने पिल्लांच्या फुप्फुसाला रोग होतो.

शेण चिकटणे : मागची जागा बंद झाली की पिल्लू फुगून मरते. कोमट पाण्याच्या बोळ्याने भिजवून पुसावे, ओढू नये, नंतर खोबरेल तेल लावावे. पोटावरची बेंबी ही वेगळी. तिला चिकटलेला धागा कधीही ओढू नये.

बेंबी उघडी राहणे : आयोडीनयुक्त औषध लावून पिल्लू स्वच्छ जागी वेगळे ठेवावे. पोट निळसर, मऊ होऊन घाण वास येऊ लागला तर ते पिल्लू सहसा वाचत नाही. ते तिथेच ठेवले तर इतरांनाही धोका. अशा वेळी मन घट्ट करावे, पशुवैद्यांना विचारून त्याला बाजूला काढावे आणि यंत्र जंतुनाशकाने धुवावे.

पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची लस डोळ्यात टाकतात. तोवर आजारी असलेल्या पिल्लाबाबत पशुवैद्यांचा सल्ला घ्यावा.

दोष मुळात कुठे?

एखाद-दुसरे पिल्लू अशक्त निघणारच. पण निम्मी खेपच मलूल निघाली तर औषध शोधू नका, यंत्र तपासा. पंख्याच्या यंत्रात उष्णता ३७.५ अंश हवी. ती जास्त झाली तर पिल्ले वेळेआधी निघतात, लहान आणि उघड्या बेंबीची. कमी झाली तर उशिरा निघतात, सुस्त आणि मोठ्या पोटाची. आठवड्यापेक्षा जुनी अंडी बसवू नयेत. अंडी कधी ठेवली, पिल्ले कधी निघाली, किती जगली, एवढे वहीत टिपून ठेवावे.

आमच्या चौथ्या खेपेला २२ पिल्ले निघाली आणि २० जगली. त्या रात्री आम्ही झाकणाला हात लावला नाही. घरच्या मंडळींनी पेटीवर टॉवेल टाकून आम्हांला झोपायला पाठवले होते.