कुलूप, किल्ली आणि क्वांटम (लेखांक ९) : आधी चोराच्या हाती

उपग्रहाचा लेखांक आज नाही. कबूल केला होता हे खरं, पण डिचोलीच्या एका शिक्षिकेच्या पत्राने वाट अडवली. बाई विचारतात : किल्ली वाटून घेण्याच्या बीबी८४ या पद्धतीत एकेक सुटा फोटॉन जातो, गुंतलेली जोडी कुठेच दिसत नाही, तरी किल्ली सुरक्षित राहते. मग एंटँगलमेंटचं, म्हणजे या गुंत्याचं, एवढं कौतुक कशाला?

प्रश्न वर्मी लागणारा आहे, आणि त्याचं उत्तर ज्या निबंधावर बाईंनी बोट ठेवलं त्याच्याच शेवटच्या पानांत दडलं आहे. डिसेंबर १९८४मध्ये बंगळूरला भरलेल्या परिषदेच्या इतिवृत्तात चार्ल्स बेनेट आणि जिल ब्रासार यांचा बीबी८४ मांडणारा तो पाच पानी निबंध छापला गेला. किल्लीचा भाग सगळे वाचतात. पुढे नाणेफेकीचा एक प्रस्ताव आहे, तिथवर फारसं कुणी जात नाही. मला तर तोच भाग जास्त आवडतो.

समजा, चोपडे आणि शिवोली यांचा सामना ठरलाय आणि नाणेफेक फोनवर करायची आहे. मधे शापोरा नदी. शिवोलीकराने ‘छापा’ म्हटलं की चोपडेकर सांगणार, ‘काटा पडला!’ विश्वास कुणी कुणावर ठेवायचा? (मॅन्युएल ब्लुम यांनी १९८१च्या सुमारास हाच पेच मांडला, तेव्हा त्यांच्या गोष्टीत घटस्फोट घेतलेलं जोडपं मोटार कुणाची यावर भांडत होतं.)

बेनेट-ब्रासार यांचा तोडगा असा. चोपडेकराने मनाशी एक पद्धत ठरवायची, उभी-आडवी किंवा तिरपी, आणि त्या एकाच पद्धतीने ध्रुवीकरण केलेले शंभरेक फोटॉन नदीपार धाडायचे. शिवोलीकर प्रत्येक फोटॉन मनाला येईल त्या पद्धतीने मोजतो आणि दोन पद्धतींचे दोन तक्ते ठेवतो. मग तो अंदाज सांगतो, ‘उभी-आडवी!’ आता चोपडेकराने खरी पद्धत आणि पाठवलेली यादी जाहीर करायची. खोटं बोलून दुसऱ्या पद्धतीचं नाव घेतलं, तर यादी त्या पद्धतीच्या तक्त्याशी जुळायला हवी, आणि त्या तक्त्यात तर निव्वळ यदृच्छेने पडलेले निकाल आहेत. अंदाजाने ते जुळवणं अशक्यच.

पण चोपडेकर बेरकी निघाला तर? तो दर वेळी फोटॉनांची गुंतलेली जोडी तयार करतो. एक फोटॉन पाठवतो, दुसरा न मोजता स्वतःपाशी ठेवतो. ‘उभी-आडवी’ असं ऐकू आलं की आपल्याकडचे सगळे फोटॉन तिरप्या पद्धतीने मोजतो. समोरच्याच्या तिरप्या तक्त्यातला प्रत्येक निकाल याला बसल्या जागी कळतो. ‘चुकलात, तिरपी होती!’ यादी तंतोतंत जुळते आणि शिवोलीकर गप्प.

ही लबाडी लेखकद्वयाने त्याच निबंधात स्वतःच दाखवून दिली आहे. तेव्हा दिलासा एवढाच होता की फोटॉन असे साठवून ठेवणं कुणाला जमत नव्हतं. पुढे १९९७मध्ये डॉमिनिक मेयर्स यांनी, आणि स्वतंत्रपणे लो व चाऊ यांनी सिद्ध केलं की आधी वचन बांधून घेऊन नंतर उघड करायचे निव्वळ क्वांटम करार याच युक्तीपुढे टिकत नाहीत. म्हणजे आपल्या विषयात एंटँगलमेंट आली ती चोराच्या हातातून. आर्टुर एकर्ट यांनी तिला राखणदार केलं ते १९९१मध्ये.

चोराची खुबी नेमकी कशात होती? मोजणी लांबवण्यात. बाईंना उत्तर द्यायला हीच खुबी उपयोगी पडते.

बीबी८४मधल्या पाठवणाऱ्याकडे एक बंद पेटी आहे असं धरा. पेटीत गुंतलेली जोडी तयार होते, एक फोटॉन आतच मोजला जातो, दुसरा बाहेर पडतो. बाहेरून पाहणाऱ्याला दिसतो यदृच्छेने ध्रुवीकरण झालेला सुटा फोटॉन, बीबी८४मध्ये असतो अगदी तसाच. बेनेट, ब्रासार आणि डेव्हिड मर्मिन यांनी १९९२मध्ये ही सांगड घातली. फरक कुणालाच, अगदी किल्ली चोरू पाहणाऱ्यालाही, कळत नसेल, तर आतली मोजणी नंतर झाली असं मानायला हरकत कसली? तसं मानलं की दोन्ही टोकांना गुंतलेल्या जोड्या उरतात, आणि पूर्णपणे गुंतलेल्या जोडीत तिसऱ्याला शिरकाव नसतो. जोडी किती निर्भेळ आहे, हे दोन टोकांचे निकाल न जुळण्याच्या, म्हणजे चुकांच्या, प्रमाणावरून कळतं. पीटर शोर आणि जॉन प्रेस्किल यांनी २०००मध्ये याच वाटेने बीबी८४च्या सुरक्षिततेची सिद्धता दिली : चुका सुमारे ११ टक्क्यांच्या आत असतील, तर किल्ली गाळून घेता येते. २००४मध्ये कुर्टी, लेवेनश्टाइन आणि ल्युटकेनहाउस यांनी उलट बाजूही पक्की केली : मोजमापांतून एंटँगलमेंटची खूण पटवता येत नसेल, तर सुरक्षित किल्ली निघतच नाही.

ही खूण पटवणं सोपं नाही. अनेक कणांच्या अवस्थेत गुंता आहे की नाही, हे पारखण्याचा एक निकष पुणे विद्यापीठात अली सैफ हसन आणि प्रमोद जोग यांनी २००८मध्ये मांडला. त्यावर एक स्वतंत्र लेखांक लिहायचा मोह मी आवरतो आहे.

तर बाई, बीबी८४मधली जोडी यंत्रात शोधू नका, ती सिद्धतेत आहे.

मग खऱ्याखुऱ्या जोड्या बनवण्याचा खटाटोप कशासाठी? तो तर चालूच आहे. जून २०२५मध्ये आयआयटी दिल्ली आणि डीआरडीओ यांनी भास्कर कानसेरी यांच्या नेतृत्वाखालचा प्रयोग जाहीर केला : गुंतलेले फोटॉन, किलोमीटरभर खुली हवा, सेकंदाला सुमारे २४० बिट किल्ली आणि चुका ७ टक्क्यांहून कमी, म्हणजे शोर-प्रेस्किलच्या मर्यादेच्या बऱ्याच आत. याआधी २०२२मध्ये अहमदाबादेत इस्रोच्या आणि पीआरएलच्या शास्त्रज्ञांनी ३०० मीटरवर असा प्रयोग करून दाखवला होता.

खटाटोपाचं कारण असं की वरची सगळी सिद्धता यंत्रं प्रामाणिक आहेत असं गृहीत धरून चालते. २०१०मध्ये लिडरसन, मकारोव आणि सहकाऱ्यांनी विक्रीला असलेल्या यंत्रांचे शोधक प्रखर प्रकाशाने दिपवून ते गृहीतकच मोडून काढलं. यंत्र बनवणाऱ्यावरही भरवसा टाकायचा नसेल, तर कागदावरच्या जोडीने भागत नाही. खरी जोडी हवी आणि तिने बेलची कसोटी, म्हणजे गुंता खरा असल्याची निकालांवरूनच पटणारी परीक्षा, सगळ्यांदेखत पार करायला हवी. ऑक्सफर्डमध्ये दोन मीटर अंतरावरच्या दोन आयनांनी ते साधलं, आठेक तासांत, २०२२मध्ये जाहीर झालेल्या प्रयोगात. पुढच्या आठवड्यात त्या दोन आयनांकडेच जाऊ. उपग्रह त्यानंतर.