शिवडीच्या बाजूने संगणकाचा इतिहास

शिवडी स्टेशनच्या पुलावरून पूर्वेला पाहिलं की तेलाच्या टाक्या, जुनी गोदामं आणि त्यांच्यामागे खाडीचा चिखल दिसतो. संगणकाचा इतिहास इथे सापडेल असं कुणाच्या मनात येत नाही. पण भारतातला पहिला आयबीएम 1401 संगणक आला तो मुंबईतल्या एस्सो या तेल कंपनीकडे, 1961 साली. पुढे 1974 मध्ये एस्सो सरकारने ताब्यात घेतली आणि हिंदुस्तान पेट्रोलियम उभी राहिली. तेलाच्या धंद्याचा हिशेब तेव्हा संगणकावर चढू लागला होता.

ही नोंद प्रा. वैद्येश्वरन राजारामन यांच्या इतिहासात आहे. जन्म 1933 चा, पीएच.डी. अमेरिकेतली, आणि हयात शिकवण्यात गेलेली. 1963 मध्ये आयआयटी कानपूरला आयबीएम 1620 आला, तेव्हा त्यावर इतरांना तयार करणाऱ्यांत ते होते. संगणकशास्त्राचा अभ्यासक्रम तिथे त्यांनीच उभा केला, परवडणाऱ्या किमतीची पाठ्यपुस्तकं लिहिली आणि 1982 पासून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम केलं. ऐंशीच्या उंबरठ्यावर, 2012 मध्ये, त्यांनी 1955 ते 2010 या काळातल्या भारतीय संगणनाचा इतिहास लिहिला. त्यात यंत्रांच्या बरोबरीने आयात परवाने, सरकारी धोरणं आणि 1978 मध्ये आयबीएमचं भारतातून जाणंही येतं. यंत्र घडवणारा माणूस इतिहासाकडे वळला की बहुधा यंत्राच्याच प्रेमात राहतो. राजारामन तसे राहिले नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं.

यंत्राची गोष्टही सांगणारं कुणी हवंच. पी. व्ही. एस. राव यांनी 2008 मध्ये ‘रेझोनन्स’ या विज्ञान-मासिकात टिफरॅक या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या संगणकाची आठवण लिहिली. कुलाब्याच्या जुन्या लष्करी बराकीत, आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली, विशीतल्या तरुणांनी तो घडवला. सुमारे 2700 व्हॉल्व्ह, फेराइटच्या कड्यांची 2048 शब्दांची स्मृती, एकेक शब्द 40 बिटांचा. फेब्रुवारी 1960 मध्ये तो रीतसर कामाला लागला, 1962 मध्ये नेहरूंच्या हस्ते त्याचं नामकरण झालं आणि 1965 मध्ये निवृत्तही झाला.

एवढं सगळं वाचूनही मला शिवडी, परळ, लालबागची, दफ्तरांत राबणारी माणसं त्यात दिसत नाहीत. हिशेब संगणकात जाण्याआधी तो कार्डावर भोकं पाडून उतरवावा लागे. एका कार्डात 80 रकाने, प्रत्येक रकान्यात 12 जागा. एक ऑपरेटर पंच करी. मग दुसरी व्यक्ती तेच कार्ड व्हेरिफायरवर लावून मूळ कागदावरचे तेच आकडे पुन्हा टाइप करी. जुळलं तर कार्डाच्या उजव्या कडेला खाच पडे. सलग तीनदा जुळलं नाही तर त्याच रकान्यावर, वरच्या कडेला खाच, म्हणजे कार्ड पुन्हा करा. दिवसभर हेच, यंत्रांच्या खडखडाटात. प्रोग्रॅम कितीही हुशार असो, त्याची भिस्त या बोटांवर होती.

याच काळात आयुर्विमा महामंडळातल्या कर्मचारी संघटनांनी संगणकाला विरोध केला. त्याला अडाणीपणा म्हणून बाजूला सारणं सोपं आहे, पण चुकीचं आहे. ज्यांच्या टेबलावरचं काम यंत्र उचलून नेणार होतं, त्यांना तो प्रश्न विचारायचा पूर्ण हक्क होता. त्यांची पत्रकं, सभांचे वृत्तांत आणि वेतनाचे करार हेही संगणकाच्या इतिहासाचेच कागद आहेत.

संगणकशास्त्र शिकवणाऱ्या एखाद्या तरुण प्राध्यापकाने हे काम आता अंगावर घ्यावं. कुलाब्याची बाजू लिहून झाली आहे, दफ्तरांची बाकी आहे. पंचिंगच्या खोलीत काम केलेली माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांना मराठीत बोलतं करावं: कामावर कसं घेतलं, वेग कसा मोजला, चूक झाली तर काय व्हायचं, कार्डं जाऊन संगणकाचा पडदा आला तेव्हा बदली कुठे झाली. आणि ज्यांच्या कपाटात खात्याचा एखादा ग्रुप फोटो असेल त्यांनी त्याच्या मागे, पेन्सिलीने का होईना, साल, कंपनी, यंत्राचं नाव आणि उभ्या-बसलेल्या प्रत्येकाचं नाव आजच लिहून ठेवावं.