पापणीचे बहिर्वलन : कारणे व लक्षणे

निरोगी अवस्थेत खालच्या पापणीची कड नेत्रगोलास सर्वत्र टेकलेली असते. ही कड नेत्रगोलापासून सुटून बाहेरच्या बाजूस वळली, म्हणजे त्या विकृतीस बहिर्वलन अथवा एक्ट्रोपियन असे म्हणतात. रुग्णाची पहिली तक्रार बहुधा डोळ्यांतून सतत पाणी गळण्याची असते. या लक्षणाचा उलगडा होण्यासाठी अश्रूंच्या निचऱ्याची व्यवस्था प्रथम ध्यानात घेतली पाहिजे.

पापणीच्या कडेवर, नाकाच्या बाजूस, एक सूक्ष्म अश्रुछिद्र असते. ते नेत्रगोलाकडे वळलेले असल्याने डोळ्यात साचलेले अश्रू त्यातून अश्रुकोशात व तेथून नाकात उतरतात. पापणी बाहेर वळताच हे छिद्र अश्रूंपासून दूर जाते व अश्रू गालावर ओघळतात. उलटपक्षी उघडे पडलेले स्वच्छमंडल कोरडे होऊन चुरचुरते आणि त्या क्षोभामुळे अश्रू अधिकच स्रवतात. एकाच डोळ्यात कोरडेपणा व पाझर ही दोन्ही लक्षणे आढळतात, ती यामुळे.

कारणपरत्वे या विकाराचे पाच प्रकार मानले जातात. वार्धक्यात पापणीस दोन्ही कोपऱ्यांशी बांधून ठेवणारे बंध सैल पडतात. हा प्रकार सर्वांत अधिक आढळतो. भाजणे, जखमा वा त्वचारोग यांच्या व्रणांमुळे त्वचा आखडून पापणी खाली ओढली जाते, तो व्रणजन्य प्रकार होय. सातव्या मस्तिष्क मज्जातंतूच्या घातामुळे पापणी मिटविणारा स्नायू लुळा पडतो, तो घातजन्य. गाठीच्या भाराने होणारा व जन्मजात असे उरलेले दोन प्रकार होत. पापणी चिमटीत धरून पुढे ओढून सोडली असता ती तत्काळ पूर्ववत न झाल्यास तिचे शैथिल्य सिद्ध होते.

हा विकार स्वतःच स्वतःस वाढवितो. रुग्ण वारंवार डोळे खाली पुसतो, त्यामुळे सैल पापणी आणखी ताणली जाते. सतत ओली राहणारी त्वचा दाह होऊन आखडते व पापणीस खाली खेचते. उघडी पडलेली नेत्रश्लेष्मला लाल होते आणि कालांतराने जाड व खरखरीत बनते. म्हणूनच अश्रू नाकाच्या दिशेने, वरच्या बाजूस हलकेच टिपावेत, असे रुग्णास सांगितले जाते.

कुष्ठरोगात मात्र याहून गंभीर स्थिती उद्भवू शकते. त्यात सातव्या मज्जातंतूबरोबर स्वच्छमंडलास संवेदना पुरविणारा पाचवा मज्जातंतूही बाधित होऊ शकतो. अशा वेळी पापणी मिटत नाही आणि डोळा चुरचुरतही नाही. वेदनेची सूचना न मिळाल्याने स्वच्छमंडलावर व्रण होऊन दृष्टी जाण्याचा धोका असतो. यास्तव अशा रुग्णाने तक्रार केली नाही, तरी डोळा मिटून पाहण्याची व स्वच्छमंडलाच्या संवेदनेची तपासणी चिकित्सकाने केलीच पाहिजे.

शस्त्रक्रियेची निवडही कारणावर अवलंबून असते. सैल पापणी बाहेरच्या कोपऱ्याशी आवळून घेता येते, तर आखडलेल्या त्वचेच्या जागी नवीन त्वचेचे रोपण करावे लागते.