अणूचे देणे-घेणे

पालघर-बोईसर पट्ट्यात 'ॲटॉमिक' हा शब्द केव्हाच मराठी झाला आहे. 'मुलगा ॲटॉमिकला आहे' हे वाक्य लग्नाच्या बैठकीत उच्चारले जाते आणि समोरच्या मंडळींना त्याचा अर्थ विचारावा लागत नाही. दुसरा असाच घरगुती झालेला शब्द म्हणजे 'केमिकल'. एमआयडीसीकडून वारा फिरला की बायका वाळत घातलेले कपडे आत घेतात आणि म्हणतात, 'आज केमिकल सुटलंय.' या दोन शब्दांमागची भीती मात्र आम्ही एकाच गाठोड्यात बांधून ठेवली आहे.

११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी बोईसरजवळ कोळवडे येथे रसायनांच्या एका कारखान्यात स्फोट झाला. कामगारांचे जीव गेले, दूरवर हादरा बसला. २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीकडे भूकंपाचे धक्के बसतच होते, त्यामुळे काहींना आधी भूकंपच वाटला. माझ्या दोन परिचितांनी मात्र फोनवर पहिला प्रश्न विचारला तो असा : 'ॲटॉमिकचं तर काही नाही ना?' प्रश्न रास्त होता. तो उलगडायचा तर अणूच्या घरात डोकवावे लागते. मी रसायनशास्त्राचा माणूस नव्हे; आयुष्य बँकेत गेले आणि उरलेला वेळ कादंबऱ्यांत. पण ज्याने लेजर सांभाळले आहे, त्याला अणूचे व्यवहार परके वाटत नाहीत.

१९११ मध्ये रदरफर्डने दाखवून दिले की अणूचे जवळजवळ सारे वजन मधल्या एका इवल्याशा केंद्रात असते. बोईसरच्या फलाटाच्या मधोमध हरभऱ्याचा दाणा ठेवा आणि त्याला केंद्र समजा. बाहेरचे इलेक्ट्रॉन फलाटाच्या टोकापर्यंत वावरताहेत असे माना. मधे सगळी पोकळी. केंद्रात प्रोटॉन किती, यावर मूलद्रव्याची ओळख ठरते : ११ असतील तर सोडियम, २६ असतील तर लोखंड, ७९ असतील तर सोने. हा झाला खातेक्रमांक. रोजची उलाढाल चालते ती बाहेर, शेवटच्या कक्षेतल्या इलेक्ट्रॉनांची. पदार्थ कठीण की मऊ, विरघळणारा की टिकणारा, हे त्या उलाढालीवर ठरते.

आपल्या किनाऱ्यावरची मिठागरे घ्या. सोडियम पाण्यात टाकला तर पेट घेतो. क्लोरिन हा विषारी वायू १९१५ मध्ये युद्धात माणसे मारायला वापरला गेला. सोडियमकडे शेवटच्या कक्षेत एक इलेक्ट्रॉन जास्तीचा आणि क्लोरिनला एक कमी. एकाने दिला, दुसऱ्याने घेतला. त्यासरशी देणारा धनभारित झाला, घेणारा ऋणभारित, आणि दोघे एकमेकांना ओढून बसले. हेच आपले मीठ. खड्यात हे अणू आळीपाळीने शिस्तीत उभे असतात. वरवंटा मारला की रांग सरकते, समान भार समोरासमोर येतात, एकमेकांना ढकलतात आणि खडा फुटतो. म्हणून मिठाचा चुरा होतो, पत्रा होत नाही.

पत्रा होतो सोन्याचा. चिंचणी-वाणगाव परिसरात दागिन्यांचे ठसे, म्हणजे डाय, कोरण्याचा घरगुती व्यवसाय आहे. पोलादाच्या ठोकळ्यावर वेलबुट्टी कोरायची आणि तिच्यावर सोन्याचा पातळ पत्रा दाबून तीच नक्षी उठवायची. सोने दबते, फाटत नाही, कारण धातूंचा व्यवहार गावकीच्या फंडासारखा असतो. प्रत्येक अणूने आपले बाहेरचे इलेक्ट्रॉन सामाईक ठेवीत टाकलेले असतात. एक अणू जागेवरून सरकला तरी फंड मोडत नाही, नवा शेजारी मिळतो. मग पोलाद इतके कठीण का? लोखंडाच्या अणूंमधल्या फटींत कार्बनचे थोडेसे अणू अडकून बसलेले असतात आणि सरकणाऱ्या रांगेला आडवे येतात. कारागिराच्या हातातली सारी कला या दोन स्वभावांतल्या फरकावर उभी आहे.

तिसरा व्यवहार संयुक्त खात्याचा. दोन अणू एकेक इलेक्ट्रॉन घालतात, जोडी दोघांची आणि मोडायची तर दोघांच्या सह्या हव्यात. एमआयडीसीतले रंग आणि औषधे प्रामुख्याने अशाच बंधांनी बांधलेली आहेत. साडीचा रंग उन्हापाण्यात टिकतो तो अशा पक्क्या बंधांमुळेच. पण तोच रंग सांडपाण्यातून खाडीत गेला तर तिथेही तितक्याच निष्ठेने टिकतो. त्याचा हिशेब मच्छीमारांच्या जाळ्यात निघतो. अखिल भारतीय मांगेला समाज परिषद याच सांडपाण्याविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली आणि २०२२ च्या जानेवारीत लवादाने तारापूरच्या कारखान्यांवर भरपाई बसवली.

स्फोट हाही बाहेरच्या कक्षेतलाच प्रकार. नायट्रोजनचे दोन अणू एकत्र आले की इलेक्ट्रॉनांच्या तीन जोड्या वाटून घेतात. हा बंध फार बळकट. नायट्रेटमध्ये नायट्रोजनला ऑक्सिजनशी संसार करावा लागतो. संधी मिळाली की तो आपल्या जातभाईकडे धावतो, आणि क्षणात उष्णता व वायू मोकळे होतात. विध्वंस भयंकर, पण धूर निवला की एकाही अणूचे केंद्र बदललेले नसते.

तारापूरच्या केंद्रात, जे २८ ऑक्टोबर १९६९ पासून वीज देऊ लागले, व्यवहार केंद्रातच होतो. युरेनियमचा एक अणू दुभंगतो तेव्हा कोळशातला कार्बनचा एक अणू जळताना मिळते त्याच्या सुमारे पाच कोटी पट ऊर्जा बाहेर पडते. तिथल्या इंधननळ्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या असतात. निसर्गात झिर्कोनियमबरोबर हाफ्नियम सापडतो. दोघांच्या शेवटच्या कक्षा सारख्या, म्हणून रसायनशास्त्राला ते जुळे भाऊ. वेगळे करताना नाकी नऊ येतात. पण केंद्रे वेगळी. एक न्यूट्रॉनना वाट देतो, तर दुसरा त्याच्या कैकशे पट गिळतो.

हाच धडा आपल्या घशाशी येऊन भिडतो. किरणोत्सारी आयोडीन आणि मिठातले आयोडीन यांच्या बाहेरच्या कक्षा एकच, त्यामुळे गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीला फरक कळत नाही. म्हणून आणीबाणीत पोटॅशियम आयोडाइडची गोळी देतात. ग्रंथीची जागा चांगल्या आयोडीनने आधीच भरून टाकायची, हा त्यामागचा हेतू. ती गोळी अधिकाऱ्यांनी सांगितल्याशिवाय घ्यायची नसते.

आता दोन भीतींची गाठोडी वेगळी करता येतात. किरणोत्सार जाळून, धुऊन, आम्ल-अल्कली घालून संपत नाही. आयोडीन-१३१ आठ दिवसांत निम्मे होते, सीझियम-१३७ ला तीस वर्षे लागतात. तिथे काळाचीच सही चालते. तशी वेळ आली तर दारे-खिडक्या लावून घरात थांबावे आणि सूचना ऐकाव्यात. रासायनिक विषाचे तसे नाही. माणसाने जोडलेला बंध माणसाला मोडता येतो. त्यासाठी खर्च येतो, वेळ लागतो, सांडपाणी नीट शुद्ध करावे लागते, पण वाट असते.

म्हणूनच मला केमिकलची बेफिकिरी अधिक सलते. अणुकेंद्राच्या पुढच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरणच्या लोकांनी गाव सोडले. त्या त्यागाचे मोल देशाने निदान तोंडाने तरी मानले. खाडीत सोडलेल्या रंगाला तर कोणतेच राष्ट्रकार्य आड येत नाही. पुढच्या ग्रामसभेत अधिकारी 'हे तांत्रिक आहे' म्हणाले, तर नम्रपणे विचारावे : साहेब, बंध कोणता आहे आणि तो मोडण्याचे यंत्र आज चालू आहे का?