पिशवी ‘साफ’ करताना

‘पिशवी साफ करून घेतली,’ असं गर्भपाताबद्दल आजही हळू आवाजात सांगितलं जातं. त्यातला ‘साफ’ हा शब्द मला खटकतो, पण जुनी पद्धत होती खरोखर घासण्याचीच. क्युरेटिंगमध्ये गर्भाशयाचं तोंड रुंद करून पळीसारख्या धातूच्या उपकरणाने आतलं अस्तर खरवडतात. या अस्तराचा वरचा थर दर पाळीला गळतो आणि खालच्या थरातून पुन्हा तयार होतो. खरवड त्या खालच्या थरापर्यंत पोचली, की नवं अस्तर येणार कुठून? समोरासमोरच्या भिंती व्रणांनी चिकटतात, पाळी कमी होते किंवा थांबते. जोसेफ ॲशरमन यांनी 1948मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून हा ॲशरमन सिंड्रोम.

आता प्लॅस्टिकची नळी आणि 60 मिलिलिटरची हातातली सिरिंज यांनी आतला गर्भ ओढून घेतात. काही मिनिटांचं काम, वीजही लागत नाही. भोक पडणं, जंतुसंसर्ग इथेही होऊ शकतो, पण क्वचित. क्युरेटिंग सोडून हीच पद्धत वापरा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सवयीचा हात मात्र लवकर सुटत नाही.

सुरुवातीच्या आठवड्यांत गोळ्याही चालतात. मिफेप्रिस्टोन गर्भ टिकवणाऱ्या प्रोजेस्टेरॉनची वाट अडवते. एक-दोन दिवसांनी घेतलेली मिसोप्रोस्टॉल गर्भाशय आकुंचित करते. ही दुसरी गोळी मुळात पोटातल्या अल्सरसाठी आली होती! कळा येतात, पाळीपेक्षा जास्त रक्त जातं, गाठी पडतात, हे अपेक्षितच. शंभरातल्या मोजक्या जणींचा गर्भपात अपुरा राहतो, मग नळी वापरावी लागते. लागोपाठ दोन तास, तासाला दोन पॅड पूर्ण भिजले, तर दवाखाना गाठायचाच.

चिठ्ठीशिवाय औषधाच्या दुकानातून गोळ्या आणण्यातला खरा धोका वेगळा आहे. गर्भ गर्भनलिकेत रुजला असेल, तर या गोळ्यांनी तो पडत नाही. तो वाढत राहतो आणि नलिका फुटू शकते. पोटदुखी आणि रक्त दिसलं, की बाईला वाटतं गोळी लागू पडली. आत मात्र पोटात रक्त साठत असतं. ते श्वासपटलाला लागलं, की खांद्याच्या टोकाला दुखतं, आणि खांद्याचा पिशवीशी काही संबंध असेल असं घरात कुणाच्या मनातही येत नाही.