अस्तरावरून सरकणारा कर्करोग

फुप्फुसाला बाहेरून आणि छातीच्या पोकळीला आतून एक पातळ अस्तर असतं. त्याच्या पृष्ठभागावर पेशींचा एकच थर असतो, फरश्या बसवाव्यात तशा एकमेकींना चिकटलेल्या पेशींचा. या पेशींचा कर्करोग म्हणजे मेसोथेलिओमा. जे. सी. वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रांतातल्या ३३ रुग्णांची नोंद १९६० साली प्रसिद्ध केली, आणि निळ्या ॲस्बेस्टॉसशी या आजाराचं असलेलं नातं जगासमोर आलं. आपल्याकडच्या सिमेंटच्या पत्र्यांत वापरतात तो पांढरा ॲस्बेस्टॉस. तोही निर्धोक नाही. तंतू छातीत शिरल्यापासून आजार दिसेपर्यंत बहुधा तीस-चाळीस वर्षं जातात.

एवढा काळ आत काय चालू असतं? अस्तराला इजा झाली, की जखमेच्या कडेच्या पेशी शेजारणींवरची पकड सैल करतात, मोकळ्या जागेत सरकतात, विभागतात आणि जागा भरली की पुन्हा थरात बसतात. हे काम ग्रोथ फॅक्टर नावाच्या प्रथिनांच्या इशाऱ्यावर चालतं. ॲस्बेस्टॉसचा तंतू मात्र जागचा हलत नाही. लांब तंतू भक्षक पेशीत मावत नाही. ती तो अर्धवट गिळते आणि दाह वाढवणारी रसायनं सोडत राहते. त्यामुळे दुरुस्तीचा इशारा वर्षानुवर्षं थांबतच नाही. दरम्यान बीएपी-१, एनएफ-२ अशी पेशींना आवर घालणारी जनुकं काही पेशींत निकामी होतात. मला यातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे, की पसरायला लागणारी सगळी हत्यारं निरोगी पेशीकडेही असतात.

त्यातलं एक जवळून पाहू. १९८० च्या दशकात जपानमध्ये यकृत पुन्हा कसं वाढतं याचा शोध घेताना हेपॅटोसाइट ग्रोथ फॅक्टर सापडला. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये मायकेल स्टोकर यांना वेगळंच काही दिसलं. फायब्रोब्लास्ट पेशी ज्या द्रवात वाढल्या, तो द्रव दाट पुंजक्यात राहणाऱ्या पेशींवर घातला की पुंजका विस्कटायचा आणि पेशी सुट्या होऊन चालू लागायच्या. या द्रवातल्या घटकाचं नाव पडलं ‘स्कॅटर फॅक्टर’. पुढे कळलं, की दोन्ही प्रथिनं एकच.

पेशीच्या आवरणात त्याचा रिसेप्टर असतो, मेट. ग्रोथ फॅक्टर बाहेरून चिकटला की दोन मेट जवळ येतात आणि आतल्या टोकांवर एकमेकांना फॉस्फेट जोडतात. तिथे आतली प्रथिनं येऊन बसतात आणि इशारा पुढे जातो. ईआरके नावाच्या प्रथिनाच्या वाटेने विभाजनाची जनुकं चालू होतात, एकेटी या दुसऱ्या प्रथिनाची वाट पेशीला मरू देत नाही. आणखी एक वाट पेशीच्या सांगाड्यापर्यंत जाते: पुढच्या कडेला ॲक्टिनचे धागे वाढतात, कडा पुढे ढकलली जाते, तिथे नवी पकड बसते आणि मागची सुटते. शिवाय पेशी एमएमपी नावाची विकरं सोडते. ती वाटेतलं कोलॅजन कापतात.

मेसोथेलिओमाच्या अनेक गाठींत मेट भरपूर असतो आणि काही पेशी त्याचा ग्रोथ फॅक्टरही स्वतःच बनवतात. छातीत साठणाऱ्या पाण्यातही तो सापडतो. व्हीईजीएफ या दुसऱ्या ग्रोथ फॅक्टरमुळे रक्तवाहिन्या झिरपतात, पाणी वाढतं आणि सुट्या झालेल्या पेशी त्यातून अस्तरावर दुसरीकडे जाऊन रुजतात. म्हणून हा आजार आधी पृष्ठभागावरून पसरतो: फुप्फुसाच्या खाचांत, श्वासपटलावर, हृदयाच्या आवरणावर. पाणी काढायला घातलेल्या सुईच्या मार्गातही गाठ येऊ शकते.

मग रिसेप्टरच बंद केला तर? ईजीएफआर हा रिसेप्टर बऱ्याच गाठींत प्रमाणाबाहेर असतो, तरी तो रोखणाऱ्या जेफिटिनिबने निराशा केली. एक कारण असं, की या पेशींत ईजीएफआर, मेट आणि इतर रिसेप्टर एकाच वेळी चालू असू शकतात आणि सगळ्यांच्या वाटा आत ईआरके-एकेटीपाशी येऊन मिळतात. एकाला रोखलं तरी दुसरा काम चालू ठेवतो. प्रयोगशाळेत मेट आणि ईजीएफआर एकत्र रोखल्यावर पेशींची वाढ अधिक दबली. रुग्णांना फायदा झालेला दिसला तो व्हीईजीएफ अडवून. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ४४८ रुग्णांवरच्या फ्रेंच चाचणीत केमोथेरपीला व्हीईजीएफ अडवणाऱ्या बेव्हासिझुमॅबची जोड दिल्यावर रुग्णांचा मध्यक जीवनकाळ १६.१ महिन्यांवरून १८.८ महिन्यांवर गेला. रक्तदाब वाढणं आणि रक्तात गुठळ्या होणं हे त्रासही या औषधाबरोबर वाढले, त्यामुळे ते प्रत्येक रुग्णाला देता येत नाही.