अनुभवाची कथा कशी होते?

आपल्या समाजातील अनेक विद्यार्थी कथा लिहितात. त्यांच्याजवळ अनुभवांची कमतरता नाही. परंतु पुष्कळ कथा वाचून झाल्यावर लेखकाचा संताप तेवढा लक्षात राहतो, कथेतला माणूस राहत नाही. घटना खरी असते, तळमळ प्रामाणिक असते, तरीही असे का होते? घडलेले नुसते सांगितले की वृत्तांत होतो. ते वाचकाच्या डोळ्यांसमोर पुन्हा घडले की कथा होते. हे कसब दुसऱ्या-तिसऱ्या खर्ड्यात कष्टाने कमवावे लागते.

दाखल्यासाठी कचेरीत गेलेल्या मुलाची कथा घेऊ. पहिल्या खर्ड्यात असते : 'कारकुनाने त्याचा घोर अपमान केला. त्याचे रक्त उसळले.' आता असे लिहून पाहा : 'कारकुनाने अर्जावरचे आडनाव वाचले. अर्जाला हात न लावता पेनाच्या टोकाने तो परत सरकवला. मुलाने अर्जाची घडी केली, उलगडली, पुन्हा घडी केली.' येथे अपमान हा शब्दच नाही. पण वाचकाला तो बोचतो, कारण तो त्याने स्वतः ओळखलेला असतो. म्हणून आपल्या खर्ड्यातील अपमान, अन्याय, दुःख अशा शब्दांखाली रेघ मारावी आणि प्रत्येक ठिकाणी विचारावे : त्या क्षणी डोळ्यांना काय दिसले? कानांवर काय आले?

दुसरी गोष्ट पात्रांची. तो कारकून राक्षस नसतो. तो घरी मुलांना खाऊ नेतो आणि सवयीनेच अर्जाला हात लावत नाही. हे दाखवले तर जातिव्यवस्था अधिक भयंकर दिसते. आपला नायकही निव्वळ धीरोदात्त नको. बाबुराव बागुल यांच्या 1963 साली प्रसिद्ध झालेल्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या संग्रहातील त्याच नावाच्या कथेत तरुण राहायला जागा मिळावी म्हणून जात लपवतो. त्याची भीती आणि त्याचे खोटे लेखकाने झाकलेले नाही. त्यामुळेच त्याला खोटे बोलायला लावणारा समाज उघडा पडतो.

तिसरी गोष्ट शेवटच्या भाषणाची. पाली जातकट्ठकथेतील 547 जातकांची सर्वसाधारण मांडणी पाहावी. आधी वर्तमानकथा, मग अतीतकथा, गाथा, गाथेतील शब्दांचा अर्थ आणि शेवटी समोधान, म्हणजे त्या वेळचा अमुक आज कोण, याचा उलगडा. अर्थ सांगण्याला तेथे स्वतंत्र जागा आहे. आपल्या कथेला अशी वेगळी जागा नसते. म्हणून लेखक पात्राच्याच तोंडी भाषण घालतो. शेवटचा परिच्छेद झाकून कथा वाचावी. ती पुरी वाटली, तर तो परिच्छेद खोडावा.

खर्डा झाला की पंधरा दिवस बाजूला ठेवावा. नंतर विहारात दोघातिघांना मोठ्याने वाचून दाखवावा. ऐकणारा जेथे चुळबुळ करतो तेथे कापावे. 'मग काय झाले?' असे जेथे विचारतो तेथे थांबून लिहावे. आजीच्या तोंडी पुस्तकी वाक्य आले, तर वाचताना जीभच अडखळते. तिची बोली तिला परत द्यावी.

एवढी मेहनत कशासाठी? 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरच्या धम्मदीक्षेला हजर असलेली माणसे आता थोडीच उरली आहेत. त्या दिवसाचा इतिहास ग्रंथांत आहे. पण गाठोड्यात भाकरी किती होत्या, पांढरे लुगडे कोणाकडून मागून आणले, घरी परतल्यावर देव्हाऱ्यातले देव कोणी उचलले आणि तेव्हा घरातले कोण रडले, हे त्यांनाच ठाऊक. विद्यार्थी मित्रहो, आपल्या वस्तीत असे कोणी असेल तर या रविवारीच वही घेऊन त्यांच्याजवळ बसा. कथा नंतर लिहिता येईल.

जयभीम!